फेस काढून गाळलेली बिअर

माझ्या आयुष्यातली पहिली बिअर मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, सकाळी अकरा वाजता, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने प्यायले.

ईरा, कबीर, ही गोष्ट तुमच्या आईने तुम्हाला सांगितली असणारच. पण ती तेव्हा तुमच्याजवळ रॉटरडॅमला होती आणि ऐकीव गोष्टीला ती स्वतःची फोडणी घालते. म्हणून घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. तुम्ही दोघंही आता वीस ओलांडलेत, तेव्हा वाचायला हरकत नाही.

तुमच्या मंदारमामाने बँकेच्या सॉफ्टवेअरची नोकरी सोडली आणि एका मित्राबरोबर तुर्भ्याला बिअरचा छोटा कारखाना काढला, तेव्हापासून आजोबा त्याच्याशी बोलत नव्हते. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. एकाच टेबलावर जेवायला बसून मला म्हणायचे, "त्याला म्हणावं, चटणी सरकव." मी मंदारला म्हणायची, "चटणी सरकव." मंदार म्हणायचा, "बाबांना सांग, सरकवली." आठ महिने अख्ख्या नेरूळमध्ये माझ्याइतकी कामात बुडालेली दुभाषी दुसरी नव्हती!

मे महिन्यातल्या एका सकाळी मंदार चार प्रकारच्या बिअरच्या प्रत्येकी दोन, अशा आठ बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात आला. चेहरा उतरलेला.

"आई, चार बिअर बनवल्यात. काळी, गव्हाची, कोकमाची आणि साधी बार्लीची. मोठी टाकी एकच आहे. उद्या सकाळी तिच्यात माल पडणार. चारातली एक निवडायची, आणि ती चुकली तर दुकान उघडायच्या आधीच बंद."

"मग मित्रांना विचार."

"त्यांना सगळंच आवडतं गं. दहापैकी अकरा मार्क देतात. मला तुझी जीभ हवीय."

आता माझ्या जिभेची सोसायटीत थोडी ख्याती आहे, हे खोटं कशाला सांगू? सोलकढीत कोकम नवं की जुनं, हे मी वासावरून सांगते. शिवाय छत्तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेले. मी लाल पेन शोधायला लागले.

मंदार घाईत निघून गेला. कशी चाखायची याची एकही सूचना त्याने दिली नाही. (हे मी आजही त्याच्याच खात्यावर टाकते.)

सूचना नसल्या की मी माझ्या पद्धतीने काम करते. परीक्षकाला उमेदवाराचं नाव कळता कामा नये, म्हणून मी चारही बिअरची एकेक बाटली फ्रिजमध्ये ठेवली, एकेक माझ्या झाकणाच्या स्टीलच्या तांब्यांत ओतली आणि तांब्यांवर एक ते चार आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ओतताना हा फेस आला! वरण उकळलं की वरचा फेस आपण काढतोच. मी डाव घेतला आणि शेवटच्या बुडबुड्यापर्यंत सगळा फेस काढून मोरीत टाकला. गव्हाची बिअर गढूळ दिसली, ती मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळली. आणि सगळ्याच फार गार होत्या. जोडीला परीक्षक म्हणून मी आमच्या मजल्यावरच्या पेडणेकरवहिनींना बोलावलं होतं आणि त्यांचा घसा लगेच धरतो, म्हणून तांबे झाकणं उघडी ठेवून दोन तास ओट्यावर ठेवले.

दोन तासांनी येऊन बघते तर गार तांब्यांना घाम फुटून चारही चिठ्ठ्या गळून पडलेल्या!

घाबरले नाही. काळी बिअर काळी होती, कोकमाची गुलाबी होती, त्यांचे आकडे लगेच लावले. राहिले फिकट पिवळ्या पाण्याचे तीन तांबे. तीन? दोन असायला हवे होते. मग आठवलं, एक आजोबांचा. मुतखड्यासाठी डॉक्टरांनी त्यांना रोज तांब्याभर बार्लीचं पाणी सांगितलं होतं आणि तेही मी त्याच ओट्यावर निवायला ठेवलं होतं. वास घेऊन पाहिला. पण स्वयंपाकघरात आता फोडणीच्या डब्यालासुद्धा बिअरचा वास येत होता. तेव्हा मी माझ्या स्मरणशक्तीवर विसंबून दोन तांब्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि तिसरा आजोबांच्या कोपऱ्यात ठेवला. माझी स्मरणशक्ती तुम्हाला माहीत आहेच.

अकरा वाजता पेडणेकरवहिनी आल्या. "माझ्या घोवाक सांगू नकोस हां," असं दारातच बजावून स्टुलावर बसल्या. मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने दोघींना एकेक माप ओतलं.

पहिली काळी. वहिनींनी डोळे गच्च मिटले. "जळलो गो हेचो बूड! भांडा बदलूक होया होता." दहापैकी दोन.

दुसरी गव्हाची. "नासली वाटतं," मी म्हटलं. तीन.

तिसरी कोकमाची. "मीठ नाय, जिरां नाय, मिरची नाय. कोकम फुकट घालवल्यान." रंगासाठी एक गुण वाढवून चार.

आणि मग चौथी! कोमट, मऊ, घशाला कुठेही न बोचणारी. वहिनींनी तीन झाकणं घेतली. "हीच खरी बिअर! पोटाक कसा गार वाटता. लोक उगाच बदनाम करतत." मी नऊ गुण दिले आणि शेरा लिहिला : 'सात्त्विक. सर्व वयोगटांस योग्य.'

तेवढ्यात आजोबा फिरून आले, आपल्या कोपऱ्यातला तांब्या उचलून गॅलरीत गेले. मी मंदारला फोन लावून निकाल वाचला.

"गव्हाच्या बिअरला तीन? आई, तिच्यावर आम्ही चार महिने घालवलेत."

"दोनदा गाळूनसुद्धा तीनच, बाळा."

"काय करून?" तो ओरडला. "थांब. कुठल्याही तांब्याला हात लावू नकोस. मी येतोय."

फोन ठेवते तोच बेल वाजली. दारात जनाबाई, डोक्यावर बोंबलांची पाटी. सारसोळ्याहून वीस वर्षं ती आमच्याकडे मासळी आणते आहे. कोणता मासा कालचा, हे ती स्वतःच सांगून टाकते, म्हणून तिच्या शब्दावर माझा विश्वास. ओट्यावरचे तांबे बघून तिने विचारलं, "ताय, आज पूजा हाय का काय?"

"बिअर आहे. चाखतेस?"

जनाबाईने पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि मी पुढे केलेलं झाकण हसत बाजूला सारून सरळ पेला घेतला. पहिल्या तांब्यातली घोटभर चाखली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या हातून तिची अख्खी पाटी नासली असावी.

"ताय, हिचा फेस कुटं गेला?"

"काढला."

"काढला? आन गरम कोनी केली?"

"घसा धरतो म्हणून..."

"आमच्या हलदीला अशी गरम बिअर दिली असती ना, तर पावन्यांनी नवऱ्याला तसाच पिवला टाकून घर गाठलं असतं!"

मग मी मोठ्या आशेने चौथा तांब्या पुढे केला. तिने घोट घेतला, गिळला, आणि शांतपणे म्हणाली, "ही मुतखड्याची बार्ली हाय. माजा नवरा दोन महिने पीत होता."

पेडणेकरवहिनी स्टुलावरून उठल्या. मी लाल पेनाकडे पाहिलं. आणि मग तिघींच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. चौथी बिअर तिथे नव्हती, तर ती होती कुठे?

गॅलरीत आजोबा पाय कठड्यावर टाकून बसले होते. (सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचे पाय कठड्यावर पाहिले नव्हते.) शब्दकोडं उलटं धरलेलं. तांब्या तीन चतुर्थांश रिकामा.

"अहो, किती प्यायलात?"

"पेला... तीन पेले. अगं, आज बार्ली काय जमलीय तुला! इतकी वर्षं काय पाजत होतीस?"

माझ्या कोणत्याही पदार्थाचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तो पदार्थ माझा नव्हता!

इतक्यात मंदार धापा टाकत आत आला. जनाबाईने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग गॅलरीच्या दारात जाऊन उभा राहिला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि सवयीने मला म्हणाले, "त्याला म्हणावं, बस."

मी तोंड उघडणार तोच जनाबाईने माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे, ताय. पोरगा बहिरा नाय."

मंदारने फ्रिजमधून चौथ्या बिअरची दुसरी बाटली आणली, काचेच्या उंच ग्लासात ओतली आणि आजोबांच्या हातात दिली. वर दोन बोटं पांढरा फेस. आजोबा त्या फेसाकडे बघत राहिले. मग आपल्या तांब्याकडे. मग माझ्याकडे. त्यांना सगळं समजलं हे मला कळलं. मी चिरायला काढलेली भाजी आठवल्यासारखं केलं. वहिनींनी देवाचं नाव घेतलं.

आजोबांनी एक घोट घेतला. मिशीला फेस लागला. दुसरा घोट घेतला.

"मंदार," ते म्हणाले. आठ महिन्यांनी, थेट. "बार्ली कुठून आणतोस?"

"राजस्थानातून, बाबा," मंदार त्यांच्या शेजारी बसत म्हणाला.

"गार असताना जास्त चांगली लागते. शेवटी जरा कडवट होते, ती तशीच ठेव. जनाबाई, तुम्ही काय म्हणता?"

जनाबाईने आपला पेला पुढे केला, फेसासकट प्यायली आणि पदराने तोंड पुसलं. "हीच टाक रं पोरा. हलदीला चालंल."

दुसऱ्या दिवशी टाकीत तीच पडली. महिन्याभरात ती संपली आणि मंदारला दुसरी टाकी घ्यावी लागली. आता दर नव्या बिअरसाठी रीतसर परीक्षक मंडळ आहे : जनाबाई अध्यक्ष, आजोबा आणि पेडणेकरवहिनी सदस्य. (वहिनींना आता काळी आवडते. घोवाला अजून सांगितलेलं नाही!) मलाही पद दिलं आहे. चाखून झाल्यावर तिघांना सुखरूप घरी आणायला पूर्ण शुद्धीवरचं माणूस लागतं, म्हणून मी गाडी चालवते.

पहिल्याच दिवशी मी गाडी मागे घेताना कारखान्याचं फाटक पाडलं. तिघं परीक्षक खाली उतरले, तिघांनी मिळून ते सरळ उभं केलं, आणि "डावीकडे घ्या, अजून थोडं डावीकडे," असं सांगत पूर्ण शुद्धीवरच्या माणसाला रस्त्यापर्यंत सोडायला आले.