जानेवारीचा फॉर्म

जानराव रंगारीनं एकतीस वर्षं भिलाईच्या प्लांटात भट्टीवर काढली. चमचाभर पोलाद लॅबला जाणार, रिपोर्ट येणार, मगच भट्टी ओतायची, ही रीत त्याच्या हाडात मुरलेली. उमेदीत एकदाच त्यानं रिपोर्टाआधी घाई केली, अन् सगळा माल नापास झाला होता. तेव्हा चारचौघांत जे ऐकावं लागलं, ते अजून कानातून गेलं नव्हतं.

त्याची पोरगी संघमित्रा बारावीला. इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरत ती म्हणाली, "बाबा, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असंल. सांगा."

"क्लासच्या टेस्टमधी किती आले?"

"या वेळी कमी आले. पण अजून दोन महिने हायेत न."

"मंग कच्चं हाये. एप्रिलमधी दे."

"दोन मौके भेटतात, बाबा. दोन्हीतले जास्तीचे मार्क धरतात. अन् पुण्याचं ते कॉलेज जानेवारीच्याच मार्कांवर पोरी घेते, मार्चमधी. मले तेच पाहिजे."

"नापासचा शिक्का एकदा बसला का बसला, बेटा."

गॅसपाशी उभी असलेली त्याची बायको शेवंता चुलीसारखी तापली. "पोरगी हाये का लोखंड? सांगून टाका न नंबर."

"भट्टीवर तू गेलती का मी?"

"तुम्हीच गेलते. पेपरले पोरगी जाऊन राहिली."

जानरावानं मोबाईल पालथा ठेवला. तीन संध्याकाळी पोरीनं मागितलं, तीनदा ओटीपीची मुदत संपली. चौथ्या दिवशी, फॉर्मच्या शेवटच्या तारखेला, तिनं मागितलंच नाही. त्याला वाटलं, समजली.

जानेवारीत त्यांच्याच सेक्टर सहातली तिची मैत्रीण खुशबू पेपर देऊन आली. संघमित्रानं तोच पेपर घरी घड्याळ लावून सोडवला, उत्तरं ताडून पाहिली अन् कागद गादीखाली सारला. मार्चमध्ये खुशबूला पुण्याची जागा मिळाली. तिचा बाप पेढे घेऊन आला, तेव्हा शेवंतानं तो कागद काढून नवऱ्याच्या पुढ्यात टाकला. खुशबूपेक्षा अकरा मार्क जास्त होते. पेढा जानरावाच्या हातातच राहिला.

एप्रिलमध्ये पोरीनं पेपर दिला. पुण्याला पुरले असते इतके मार्क आले. सरकारी कॉलेजांच्या यादीला थोडे कमी पडले. जानरावानं पुण्याला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली. जागा मार्चातच भरल्या होत्या.

"पुढच्या साली देशील," तो म्हणाला. पोरीनं नुसती मान हलवली. होय का नाही, ते त्याला कळलं नाही.

जूनमध्ये ती दुर्गच्या कॉलेजचा बीएस्सीचा फॉर्म भरत बसली. मोबाईल वाजला. तिनं मागायच्या आधीच जानरावानं चष्मा लावला अन् एकेक आकडा ठणकावून वाचला.

"एक बार और बोलिए," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

घरात मराठीच बोलायची, हा नेम पोरीनं लहानपणापासून पाळला होता. आईशी अजूनही पाळायची. बापाशी मात्र एप्रिलपासून ती दुकानदाराशी बोलावं तशी हिंदीत बोलून राहिली होती, अदबीनं.

जानरावानं आकडे पुन्हा वाचले.