पिल्लांना रिंगा घातल्या ती दुपार

यादी केल्याशिवाय मी कुठल्याच कामाला हात घालत नाही. कुवेतमध्ये अबू हलीफा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर एक यादी असते, ऑफिसात दुसरी. शहराबाहेर सुलैबियाला जायचे तेव्हा बुलबुलांसाठी तिसरी वही होती. तिथे एका कुवेती गृहस्थाच्या आवारात जाळीची आठ पक्षीघरे होती. पांढऱ्या गालांचे इथले बुलबुल त्यांत वाढायचे आणि हिवाळ्यात प्रदर्शनाला जायचे. सगळी देखभाल रत्नागिरीकडचे एक चाचा करत. मी हौसेने मदतीला जायची. नोंदी आणि अर्ज माझ्याकडे.

इतक्या वर्षांत चाचांनी वाढवलेले पक्षी मालकाच्याच नावाने मांडले गेले. त्या वर्षी मालकाने त्यांना एक जोडी देऊन टाकली. चाचा येत्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनानंतर कायमचे गावी जाणार होते, आणि तिकडे बुलबुल पाळायला कायद्याने बंदी. म्हणजे स्वतःच्या नावाचा पक्षी मांडायची ही एकच संधी. मार्चमध्ये जोडीच्या तीन अंड्यांतून पिल्ले बाहेर आली तेव्हा ते मला म्हणाले, "ताई, अर्जावर माझा नाव मोठ्या अक्षरात लिव. मालकाला चश्म्याशिवाय दिसला पायजे."

प्रदर्शनाला पक्ष्याच्या पायात अखंड रिंग लागते, म्हणजे जोड नसलेले, नंबर कोरलेले धातूचे कडे. पिल्लू सहा दिवसांचे असतानाच ती पंजावरून चढते, पुढे चढत नाही. पक्षी रानातून धरलेला नाही याचा तोच पुरावा. चाचांनी बजावले होते, "अंधार पडताना घालायची, आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची. चमकणारा काय दिसला तर आईला घाण वाटते. ती उचलून बाहेर टाकते, पोरासकट."

"चाचा, वहीत लिहिलंय."

"वहीत लिवलास, बरा झाला. आता डोक्यात पन लिव."

सहाव्या दिवशी संध्याकाळी मुलीच्या शाळेत पालकसभा होती, म्हणून मी दुपारीच गेले. चाचा एका आजारी पक्ष्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. मी तिन्ही पिल्लांना रिंगा घातल्या, नंबर वहीत उतरवले. पट्टी पर्समध्ये होती. ती लावली तर नंबर झाकला जाईल, तपासणीला पुन्हा सोडवावी लागेल, असा हिशोबी विचार मी केला. पर्समधून पट्टी काढलीच नाही. 'रिंगा' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि वेळेत शाळेत पोहोचले.

सकाळी चाचांचा फोन आला. "ताई, पोरा खाली पडलीत."

घरट्याखालच्या वाळूत तिन्ही मरून पडली होती. एकाचा पाय रिंगेपाशी चोचीने सोलवटला होता. मादी वर जाळीला चिकटून ओरडत होती.

"पट्टी लावलेलीस ना?" चाचांनी विचारले.

"लावली होती. सुटली असेल."

चाचांनी एक पिल्लू तळहातावर घेऊन रिंगेवरून अंगठा फिरवला. नवी कोरी, कुठे चिकटपणा नाही. ते मला दिसले, त्यांनाही दिसलेच असणार. ते म्हणाले, "आईचा काय दोष? तिनं घर साफ केलान." मग फावडे आणायला गेले.

जोडीने त्या हंगामात पुन्हा अंडी घातली नाहीत. अर्ज मीच रद्द केला.

हिवाळ्यात चाचा मालकाचे पक्षी घेऊन प्रदर्शनाला आले. इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यामागे उभे होते. एका नव्या हौशी माणसाने हिंदीत विचारले, "चाचा, रिंग डालने का सही तरीका क्या है?"

चाचांनी माझ्याकडे बोट केले. "ये ताई से पूछो. सब लिख के रखती है."

मी त्या माणसाला सगळे नीट सांगितले, पट्टीसकट. तो आभार मानून गेला. चाचा पिंजऱ्यातले पाणी बदलत होते. त्या वेळी आम्ही दोघेच होतो, आणि बोलायला एक वाक्य पुरले असते. मी विचारले, "चहा आणू?"

"आन. साखर कमी," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते गावी गेले. ईदला मी फोन करते. ते मुलीच्या अभ्यासाची चौकशी करतात, मी त्यांच्या गुडघ्यांची. फोन करण्याआधी काय काय बोलायचे ते मी कागदावर लिहून घेते. पट्टीचे त्यात अजून एकदाही लिहिलेले नाही.