डोहातलं त्रैराशिक

भिवाजी मास्तर खालापूरकडच्या एका खेड्यात शिकवत. त्रैराशिक म्हटलं की वर्गाची दातखीळ बसायची. दुसऱ्या महायुद्धाचं तिसरं वर्ष असेल, मास्तरांना युक्ती सुचली. पोरांना घेऊन ते नदीच्या डोहावर गेले. डोंगरवाडीची जना तिथं मासे धरून पोरं जगवायची. तिनं हौसेनं पन्नास मासे जिवंत धरून दिले. पोरांनी त्यांच्या शेपटीला लाल दोरा बांधून ते परत सोडले. आठवड्यानं पुन्हा धरले, तर दहांत एकालाच दोरा! म्हणजे डोहात मासे किती? "पाचशे!" सगळा वर्ग ओरडला.

तपासणीला साहेब आले, तेव्हा मास्तरांनी हाच धडा घेतला. शेजारी पाटील बसले होते.

"खरंच पाचशे?" पाटलांनी विचारलं.

"दहा-वीस इकडेतिकडे," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

चार दिवसांनी पाटलांकडून टोपलीभर मासे आले. मास्तरांची बायको सुंदरा मासे साफ करायला बसली आणि तिनं हाक मारली, "अहो, याच्या शेपटीला दोरा कसला?"

मास्तर तसेच डोहावर धावले. पाटलांच्या माणसांनी खाणीवरची सुरुंगाची दारू आणून पाण्यात उडवली होती. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोट वर करून तरंगत होती. काठावर जना बसली होती.

"गुरुजी, मोजायला म्हून धरून दिलं मी," ती म्हणाली. "पाटलाला कुनी सांगितलं?"

"बघतो मी," असं काहीतरी पुटपुटून मास्तर परतले. पाटलांच्या दारावरून गेले, पण आत जायची हिंमत झाली नाही. शाळेची जागा पाटलांचीच होती.

त्या वर्षी जना पोरांना घेऊन दरवर्षीपेक्षा लवकर कोळशाच्या भट्टीवर मजुरीला गेली. तिची पारू शाळेत यायची, तिचीही शाळा सुटली. पुढच्या तपासणीत साहेबांनी तोच धडा मागितला. मास्तरांनी पुस्तकातलं कापडाचं गणित घातलं. वर्ग गप्प बसला, साहेब नाराज झाले.

दोन वर्षांनी कर्जतच्या बाजारात मागून हाक आली, "गुरुजी, बरं हाय ना?"

आवाज जनाचा होता. मास्तर ऐकलं नाही असं दाखवून भांड्यांच्या दुकानात शिरले आणि ती लांब जाईपर्यंत नको असलेली कळशी न्याहाळत उभे राहिले.