फुकटचा पहारा

पाटीवर दुकानाचं नाव काहीही असो, गल्लीत दुकानदाराला सगळे डॉक्टरच म्हणायचे. कॉम्प्युटर आजारी पडला की त्याच्याकडे न्यायचा, हे ठरलेलं. मेहुण्याच्या भागीदारीतलं ते दुकान चालायचं मात्र अँटीव्हायरसच्या डब्यांवर. वर्षाची मुदत संपली की गिऱ्हाईक आपसूक परत यायचं.

मग नवे कॉम्प्युटर स्वतःचा पहारा पोटात घेऊनच येऊ लागले. डॉक्टरनं एका नव्या मशीनवर तो पारखून पाहिला. चांगला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की तो सरळ सांगायचा, "डबा नको. आतलं आहे ते पुरे."

मेहुण्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "भावोजी, वैद्यच औषध नको म्हणाला तर आपण काय माशा मारायच्या?"

"गरज नसलेली वस्तू लोकांच्या गळ्यात मारू?"

"आणि घर बांधणाऱ्यानंच सगळ्या घरांना एकसारखं कुलूप लावलं, तर चोराला ते एकदाच फोडायला शिकायचंय. त्याचं काय?"

तरी डॉक्टरनं डबे विकले नाहीत.

कोपऱ्यावर फोटोवाल्या काकांचा स्टुडिओ होता. अख्ख्या गल्लीची लग्नं, बारकी पोरं, गेलेली माणसं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होती. त्यांनीही डॉक्टरचं ऐकून डबा घेणं सोडलं होतं. एका सकाळी ते मशीन उराशी धरून दुकानात आले. एकही फोटो उघडत नव्हता. पडद्यावर एवढंच, की पैसे पाठवा, मग कुलूप काढू. शेजारी जोडून ठेवलेली, फोटोंच्या जादा प्रतींची डिस्कही तशीच बंद.

"काका, मशीननं आधी लाल खूण दाखवली नव्हती?"

"दाखवली ना. अल्बम बनवायचं एक सॉफ्टवेअर उतरवत होतो. ते म्हणालं, पहारा बंद करा, तरच चालेन. केला बंद." काका खुर्चीत बसले. "मला वाटलं, फुकटात आलेला पहारेकरी, उगीच भुंकतोय."

मग त्यांनी विचारलं, "डबा असता तर वाचले असते का रे?"

डबाही तेवढंच भुंकला असता. पण पदरचे पैसे मोजून घेतलेली वस्तू काकांनी अशी बंद केली असती का? डॉक्टरनं मशीन ठेवून घेतलं, जंग जंग पछाडलं, आणि शेवटी तसंच परत नेऊन दिलं. तेव्हा स्टुडिओत एक बाई बसली होती. तिची मुलगी वारली होती, फोटोची एक प्रत हवी होती. काका तिला नाही म्हणत होते. डॉक्टर दारातच थबकला.

मेहुण्यानं ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगितली. डबे पुन्हा खपू लागले.

"तुम्ही काही खोटं बोलला नव्हतात," घरी बायको म्हणाली.

"पण पहारा बंद करू नका, हे कुठं बोललो होतो?"

दुकान मेहुण्याला सोडून तो एका कचेरीत प्रिंटर दुरुस्त करायच्या नोकरीला लागला. काका रस्त्यात भेटतात, हात धरून चहाला नेतात, पोराबाळांची चौकशी करतात. फोटोंचं नाव चुकूनही काढत नाहीत. त्यांनी एकदा तरी चार शिव्या हासडाव्यात असं डॉक्टरला वाटतं. पण काका बशीत चहा ओततात आणि म्हणतात, "घे, निवतोय."