गवंडीकाकांनी फोडलेला कोबा

गल्लीतल्या बावीस घरांपैकी चौदा घरांच्या तळघरातला कोबा गवंडीकाकांच्या हातचा. थापी खाली ठेवून आठ वर्षं झाली, तरी कुणाकडे गेले की ते आधी पायाखाली बघायचे, मग माणसाकडे.

त्या हिवाळ्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी घरोघरी छोट्या काळ्या डब्या वाटल्या. तीन महिने तळघरात ठेवायच्या, हलवायच्या नाहीत. डब्या तपासून आल्या तेव्हा नऊ घरांत रेडॉन मर्यादेबाहेर निघाला. त्यातली सात काकांची.

"हा वायू खालच्या खडकातून येतो," नर्सबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं. "रंग नाही, वास नाही. भेगांतून घरात शिरतो. वर्षानुवर्षं श्वासात गेला की फुप्फुसांना धोका."

काकांनी एवढ्यातून एकच शब्द घरी नेला, भेगा. ताटावर बसले, पण घास काही उतरेना.

"खडक काय तुम्ही ओतलात?" काकू म्हणाल्या.

"खडक नाही. कोबा ओतला."

सकाळीच ते शिंपीणबाईंच्या तळघरात हजर. सगळ्यांत मोठा आकडा तिथलाच, आणि बाई वीस वर्षं दिवसाचे आठ तास तिथेच मशीनवर. काकांनी भिंतीच्या कडेने बोट फिरवलं, ते थेट फटीत शिरलं.

"बघा. हे माझं पाप."

"पाप कसलं काका! याच कोब्यावर माझी दोन्ही पोरं रांगली. वय झालं, भेगा पडल्या. तुमच्या टाचांना नाहीत का पडल्या?"

काकांना हसू आलं, पण मनातली टोचणी गेली नाही. चार दिवस खपून त्यांनी भेग न् भेग बुजवली. पुन्हा चाचणी केली. आकडा उतरला, पण जेमतेम. काकांचं तोंड एवढंसं झालं.

"नुसतं बुजवून भागणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "कोबा फोडून खाली पाइप सोडायचा. त्यावरचा पंखा खालची हवा ओढून छपराबाहेर टाकतो. मी तज्ज्ञ माणूस पाठवते."

"पाठवा. पण फोडणार मी."

काकांनी छिन्नी टेकवली, हातोडा उचलला आणि हात तसाच अधांतरी राहिला. आजवर त्यांच्या कोब्यावर कुणी जड पेटी आपटली तरी ते वाकून ओरखडा पडला का बघायचे.

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. "मी रोज कोरं कापड कापते, काका. पहिली कात्री मलाही जड जाते."

घाव बसला. दुसरा, दहावा, पन्नासावा. दुपार कलली तरी कोबा दाद देईना. काका घाम पुसत करवादले, "कुणी घातलाय हा मेल्यानं, इतका पक्का!"

शिंपीणबाई पदरात तोंड लपवून हसत सुटल्या. काकांच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मग तेही असे हसले, की काय झालं म्हणून वरची मंडळी जिन्यात जमली.

पाइप बसला, पंखा लागला. पुढच्या चाचणीत आकडा मर्यादेच्या पार खाली आला. त्या दिवशी काका पोटभर जेवले. शिंपीणबाईंनी त्यांच्या गुडघ्यांखाली घ्यायला चिंध्या भरून जाड गादी शिवून दिली. ती काखेत मारून त्यांनी उरलेली सहाही घरं केली.

राहिली दोन. तिथला कोबा दुसऱ्याच गवंड्याचा, तरी काका छिन्नी घेऊन निघालेच. संध्याकाळी परतले ते खुशीत.

"दोन तासांत फुटला," त्यांनी काकूंना सांगितलं. "भुसभुशीत काम!"