'लेखक अज्ञात' म्हणून फिरलेलं माझं पुस्तक

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा काळाचौकीच्या एका खोलीत आम्ही सहाजण होतो. आईने एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे करायला घेतले. खोलीत दिवसभर स्टोव्ह पेटलेला, म्हणून मी अभ्यासाला जिन्यात बसायचे. बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी अजून सांगते, आणि सांगणार.

पुढे आईच्या डब्यांवर मी पुस्तक लिहिलं. दादरच्या एका प्रकाशकाने ते वर्षभर ठेवून घेतलं आणि परत दिलं. "छान आहे, पण गिरणगाव आता खपत नाही हो." मग मीच ई-बुक काढलं. मुखपृष्ठ माझं, मुद्रितं तपासली मी, विकायचंही मीच. आता अडवणारं कोणी नाही, पण विचारणारंही कोणी नाही. सुरुवातीला ज्यांनी घेतलं ते ऑफिसातले, तेही भिडेखातर.

शेजारचे काका गणपती मंडळाचे सचिव. त्यांनी कौतुकाने मागितली म्हणून मी पीडीएफ पाठवली. त्यांनी ती लालबाग-परळच्या झाडून सगळ्या ग्रुपवर टाकली. "आपल्या चाळीची लेक! सर्वांनी वाचा!" होती नव्हती ती विक्रीही थांबली. महिन्याभराने माटुंग्याच्या मैत्रिणीकडून एक लांबलचक मेसेज आला. आईवरचं प्रकरण, शब्दन् शब्द माझं. खाली लिहिलेलं: लेखक अज्ञात. "वाच गं, रडले मी," मैत्रिणीने वर लिहिलं होतं.

मी तो आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"जेवाण माजा, लिवलंस तू," ती म्हणाली. "मगे ह्यो अज्ञात कोण?"

तशीच उठून काकांकडे गेले. ते गोंधळलेच. "अगं, आरत्यांची पुस्तकं मंडळ फुकटच वाटतं ना? घरचं पुस्तक विकायचं म्हणजे कसंतरीच वाटतं."

"काका, त्या आरत्यांवर मंडळाचं नाव असतं. देणगीदाराचं तर केवढं मोठं!"

"मग छापूनच काढ," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्या ग्रुपवर त्यांनी माझं नाव टाकलं. "पुस्तक हिचं आहे. छापून येतंय, विकत घ्या. हवं त्यांनी नावं द्या." कोणीतरी लिहिलं, "पण आमचं वाचून झालं ना, काका." त्यावर काका: "वडापाव खाऊन झाला म्हणून पैसे देत नाहीस काय रे?"

ज्यांनी नावं दिली तेवढ्याच प्रती मी परळच्या एका छोट्या छापखान्यातून काढल्या. आता तसं काढता येतं.

तो बिननावाचा मेसेज अजून फिरतोय. आधी प्रत्येकाला कळवायचे, 'हे माझं आहे.' थकले. ई-बुकही फारसं हलत नाही.

पण पुस्तक छापलं. चाळीतल्या एकेचाळीस घरांनी ते विकत घेतलं. आतल्या पहिल्या पानावर आईचं नाव आहे आणि मुखपृष्ठावर माझं.