चीक कुणी हाटायचा

माझे वडील ट्रकवर होते. कांदा घेऊन पार आंध्रात गेले आणि येताना बायको घेऊन आले, असं पुणतांब्यात अजून हसून सांगतात. आई तिकडच्या गोदाकाठची. "नदी तीच हाय, मी फक्त वर आले," एवढंच ती माहेराबद्दल बोलायची.

पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या हातून घोळ झाला. शेजारच्या काकूंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. मधेच त्यांना कुणाच्या तरी दहाव्याला जावं लागलं, म्हणून रोज पाणी बदलायचं काम खुणांनीच आईवर सोपवलं. आई तांदळाच्या मुलखातली. तिसऱ्या दिवशी गव्हाला आंबूस वास आला तशी ती घाबरली. आपल्या हातून नासला असं वाटून तिनं सगळा गहू उकिरड्यावर ओतला आणि वर पातेलं राखेनं लख्ख घासून ठेवलं. आता कुरडईचा गहू आंबावाच लागतो, हे तिला कुणी सांगितलं होतं?

त्यानंतर गल्लीत कुणाच्याही कुरडया असोत, आईला चिकापाशी फिरकू देत नसत. चीक हाटताना गुठळी झाली की सगळं मुसळ केरात. "तू आपली गच्चीवर बस, कावळे हाक," काकू म्हणायच्या. आणि आमची आई खरंच काठी घेऊन उन्हात बसायची, दरवर्षी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"कशाला जातेस गं? काही मानापमान आहे की नाही?"

"बोलावतात ना? मग झालं."

पण चीक हाटायच्या लाकडी चाटूकडं तिची नजर जायची, ते मला दिसायचं. एकदा तरी तो तिच्या हातात यावा, एवढंच मला हवं होतं.

चाटू तिच्या हातात आला तेव्हा मी लग्न होऊन सावेडीला होते, माझी मुलगी शाळेत जात होती. काकूंचा खांदा धरला, म्हणून नाइलाजानं दिला, दुसरं काय! आईनं गुठळी होऊ दिली नाहीच, वर माहेरच्या सवयीनं चिकात जिरं टाकलं. काकू फणकारल्या. आता गल्लीत जिऱ्याशिवाय कुरडई होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकूंच्या नातवानं ओडिशाची बायको केली. चीक शिजत आला तशा काकू तिलाही म्हणाल्या, "तू कावळे हाक." जन्मात कुणाला उलटून न बोललेली माझी आई उठली. चाटू त्या पोरीच्या हातात दिला आणि स्वतः काठी घेतली.

"आक्का, कावळ्यांची सवय मला हाय. हिला आजच शिकू दे."

माझी मुलगी आजीच्या मागोमाग गच्चीवर गेली. मला तिथंच रडू आलं, आणि इतकी वर्षं आपण आईला भित्री समजत होतो याची लाजही वाटली.

दिवाळीच्या आत आई गेली. आता पुणतांब्याला आपल्याला कोण बोलावणार, असं मी धरून चालले होते. परवा काकूंच्या त्या नातसुनेचा फोन आला.

"आत्या, गहू आंबलाय. उद्या या, पोरीला पण आणा. चाटू तिला देऊ."

"आणि कावळे?" मी विचारलं.

"आमच्या आजेसासूबाई बसणार हायत. काठी त्यांनी कालच काढून ठेवली."